विश्लेषण : सोमवार गेला की थेट शुक्रवारच! वर्षं इतकी भरभर का सरतात? मेंदूतलं घड्याळ नेमकं चालतं कसं?

कंटाळवाणा तास संपता संपत नाही, अख्खं वर्ष मात्र डोळ्यांदेखत निघून जातं. असं का होतं, याचं बरंचसं उत्तर मानसशास्त्रात आहे आणि थोडंसं आजीच्या 'बस रे घटकाभर' या वाक्यातही.

गेल्या जुलैमधली गोष्ट. आजीला अलिबागच्या एका रुग्णालयात दाखल केलं होतं आणि रात्री तिच्याजवळ बसायची पाळी माझी होती. शेजारच्या खाटेवरच्या मावशींनी विचारलं, "नातू का? येणं-जाणं असतं का?" मी म्हटलं, "हो, दोनेक महिन्यांपूर्वीच येऊन गेलो." डबा घेऊन आलेली काकू हळूच म्हणाली, "दोन महिने कुठले? गणपतीत आला होतास."

मी फोन काढून फोटोंच्या तारखा पाहिल्या. काकूचं बरोबर होतं. दहा महिने झाले होते.

मी इंजिनीअरिंग केलंय. मोजमापात पाचपट चूक निघाली, तर आधी उपकरण तपासा, असं आम्हाला प्रयोगशाळेत शिकवलं होतं. इथे उपकरण म्हणजे माझं डोकं. ते दहा महिन्यांना दोन महिने समजत असेल, तर बाकीच्या हिशोबांचं काय? म्हणून हा विषय नीट समजून घ्यायचं ठरवलं.

वेळ मोजणारं इंद्रिय कुठे असतं?

कुठेच नसतं. उजेडासाठी डोळे, आवाजासाठी कान, तसं वेळेसाठी वेगळं इंद्रिय माणसाला नाही. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. तो दिवस-रात्रीचं चक्र सांभाळतो. कधी झोप यावी, कधी जाग यावी, शरीराचं तापमान कधी उतरावं, हे त्याच्याकडे. हे जैविक घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं, हे शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

पण मिनिटं, तास, महिने किती गेले, हे सांगणारं एकच एक घड्याळ मेंदूत सापडलेलं नाही. ते काम अनेक भाग मिळून करतात आणि त्यासाठी दोनच गोष्टींचा आधार घेतात. एक, आत्ता लक्ष कुठे आहे. दोन, मागे वळून पाहिल्यावर आठवतं किती. दोन्ही आधार कच्चे आहेत.

घड्याळाशिवाय माणूस राहिला तर?

हे एका माणसाने स्वतःवरच करून पाहिलं. मिशेल सिफ्र हे फ्रान्सचे तरुण भूगर्भशास्त्रज्ञ. १९६२ च्या उन्हाळ्यात, वयाच्या २३ व्या वर्षी ते आल्प्स पर्वतातल्या एका खोल, गारठलेल्या गुहेत उतरले. जवळ घड्याळ नाही, सूर्यप्रकाश नाही. उठल्यावर, जेवताना, झोपताना ते वरच्या सहकाऱ्यांना फोन करायचे. मात्र वरून त्यांना वेळ किंवा तारीख सांगायची नाही, असं ठरलं होतं.

दोन महिन्यांनी, १४ सप्टेंबरला प्रयोग संपल्याचं त्यांना कळवलं, तेव्हा त्यांच्या हिशोबाने २० ऑगस्टच होता. म्हणजे २५ दिवस त्यांच्या खात्यातून गायब! एका चाचणीत त्यांनी सेकंदाला एक अशा वेगाने १ ते १२० आकडे मोजायचे होते. दोन मिनिटांचं हे काम करायला त्यांना प्रत्यक्षात पाच मिनिटं लागली.

गंमत अशी, की त्यांच्या शरीराचं झोपण्या-उठण्याचं चक्र बऱ्यापैकी २४ तासांच्या आसपासच चालू होतं. शरीर दिवस मोजत होतं, मन मोजत नव्हतं. रोज तोच अंधार, तीच थंडी, तोच तंबू. एक दिवस दुसऱ्यापासून वेगळा काढायला मनाजवळ काही खूणच नव्हती.

कंटाळवाणा तास लांब, पण कंटाळवाणं वर्ष आखूड, असं का?

कारण वेळ आपण दोनदा मोजतो. एकदा ती चालू असताना आणि एकदा ती गेल्यावर. चालू असताना जितकं लक्ष वेळेकडे, तितकी ती लांबते. गेल्यावर जितक्या वेगवेगळ्या आठवणी जमा, तितकी ती मोठी वाटते. हे दोन नियम एकत्र ठेवले, की चार प्रकार पडतात :

• बसची वाट पाहणं : चालू असताना लांब, आठवणीत आखूड. स्टॉपवरची ४० मिनिटं खायला उठतात, पण महिन्याने त्यातलं एक मिनिटही आठवत नाही.

• नव्या ठिकाणची सहल : चालू असताना आखूड, आठवणीत लांब. चार दिवस कसे गेले कळत नाही, पण परतल्यावर घर सोडून महिना झाल्यासारखं वाटतं. ब्रिटिश लेखिका क्लॉडिया हॅमंड यांनी याला 'सुट्टीचा विरोधाभास' असं नाव दिलं आहे.

• रुग्णालयातली रात्र : चालू असताना लांब, आठवणीतही लांब. सलाइनचा थेंब न् थेंब दिसतो आणि तो पुढे विसरताही येत नाही.

• रील पाहत घालवलेली संध्याकाळ : चालू असताना आखूड, आठवणीतही आखूड.

चौथा प्रकार पुन्हा वाचा. बाकी तिन्हींमध्ये वेळ कुठे तरी जमा होते, निदान जाणवते तरी. इथे दोन्हीकडून वजाबाकी. माझ्या दहा महिन्यांचे दोन का झाले, त्याचं उत्तर मला इथे मिळालं. शिफ्ट, लोकल, फोन, झोप. रोजचा दिवस आदल्या दिवसाची झेरॉक्स असेल, तर मेंदू प्रत्येक प्रत वेगळी कशाला जपून ठेवेल?

वय वाढलं की काळ खरंच वेगाने धावतो?

फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल जाने यांनी एकोणिसाव्या शतकात एक साधं गणित मांडलं होतं. दहा वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा, पन्नाशीतल्या माणसासाठी पन्नासावा. म्हणून ते छोटं वाटतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात या गणिताची दखल घेतली, पण एवढ्याने कारण कळत नाही, असं म्हटलं. त्यांचा भर होता नवलाईवर. लहानपणी रोज काही तरी पहिल्यांदा घडतं. पुढे दिवस सवयीचे होत जातात आणि आठवणीत एकमेकांत विरघळतात.

मात्र 'म्हातारपणी काळ सुसाट' या समजुतीला एक दुरुस्तीही हवी. मार्क विटमन आणि सॅन्ड्रा लेनहॉफ यांनी २००५ मध्ये १४ ते ९४ वयोगटातल्या ४९९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवडा, महिना, वर्ष कसं गेलं, या प्रश्नांवर तरुण आणि वृद्ध यांच्या उत्तरांत फार फरक नव्हता. जवळपास सगळ्यांनाच काळ वेगाने जातोय असं वाटत होतं. वयानुसार ठळक फरक दिसला तो 'गेली दहा वर्षं कशी गेली?' या प्रश्नावर.

म्हणजे दोष निव्वळ वयाचा नाही. पंचविशीतला माणूसही वर्षं हरवू शकतो. मी हरवलंच होतं.

संकटात वेळ थांबल्यासारखी का वाटते?

अपघातातून वाचलेली माणसं सांगतात, की सगळं सावकाश घडताना दिसलं. हे खरं असतं का, हे पाहण्यासाठी मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन यांच्या चमूने एक धाडसी प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वयंसेवकांना ३१ मीटर उंचीवरून, कोणत्याही दोरीशिवाय, उलट्या दिशेने खालच्या जाळीत सोडण्यात आलं. मनगटावर एक यंत्र होतं. त्यावरचे आकडे एरवी वाचता येणार नाहीत इतक्या वेगाने लुकलुकत होते. पडताना वेळ खरोखर मंदावत असेल, तर ते वाचता यायला हवेत.

ते वाचता आले नाहीत. पण नंतर विचारल्यावर, स्वतःचं पडणं इतरांच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्के जास्त वेळ चाललं, असं सहभागींनी सांगितलं. थोडक्यात, वेळ मंदावली नव्हती. त्या सुमारे अडीच सेकंदांत मेंदूने टिपून ठेवलं होतं खूप, म्हणून मागे पाहताना ते मोठे वाटले. जिथे लक्ष पूर्ण असतं, तिथे आठवण दाट होते. त्यासाठी उंचावरून उडी मारायची मात्र गरज नाही.

फोनमध्ये वेळ जाते कुठे?

कागदी वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं. ते आलं की माणूस घडी घालून उठतो. फोनवर हे शेवटचं पानच काढून टाकण्यात आलं. कितीही खाली सरकवलं तरी नवा मजकूर येतच राहतो. ही 'इन्फिनिट स्क्रोल'ची रचना २००६ मध्ये एझा रास्किन या डिझायनरने केली. पुढे आपल्या या कामाबद्दल त्यांनी जाहीरपणे खंतही व्यक्त केली.

इथे एक कबुली द्यायला हवी. डिजिटल डेस्कवर बसून तुम्हाला नोटिफिकेशन पाठवणाऱ्यांपैकी मीही एक आहे. हा लेखही तुम्ही बहुधा अंगठ्याने वर सरकवतच वाचताय. फोन वाईट आहे, असं म्हणण्यात अर्थ नाही. ज्या फोनने माझी चूक दाखवली, त्यातच आजीचे फोटो होते. प्रश्न एवढाच, की थांबण्याची खूण आता बाहेरून मिळत नाही. ती स्वतःच ठेवावी लागते.

फोटोंचंही तसंच. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठाच्या लिंडा हेन्केल यांनी विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात नेलं. काही वस्तू नुसत्या पाहायच्या, काहींचे फोटो काढायचे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, फोटो काढलेल्या वस्तू विद्यार्थ्यांना कमी आठवल्या. पण वस्तूचा एखादाच भाग झूम करून टिपला, तेव्हा मात्र आठवणीचं नुकसान झालं नाही. नुसत्या कॅमेऱ्यापेक्षा 'आता फोनने घेतलंय, मी कशाला बघू?' ही सुटका महागात पडते, असा याचा अर्थ लावता येतो.

माझ्या गणपतीतल्या चार दिवसांचे ११२ फोटो आहेत. त्यात आजी नऊ फोटोंत आहे. ती तेव्हा काय बोलली, हे मला एकाही फोटोवरून आठवत नाही.

आपलं मन वर्तमानात किती वेळ असतं?

हार्वर्ड विद्यापीठाचे मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी फोनच्या ॲपवरूनच हे मोजलं. २,२५० प्रौढांना दिवसभरात अधूनमधून विचारण्यात आलं : आत्ता काय करताय? मन त्याच कामात आहे का? कसं वाटतंय? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. आणि मन भरकटलेलं असताना लोक कमी आनंदी होते. सुखद गोष्टींकडे भरकटलेलं मनही, हातातल्या कामात असलेल्या मनापेक्षा जास्त आनंदी नव्हतं.

मग उद्याचा विचारच सोडायचा का?

अजिबात नाही. 'क्षणात जगा' हा सल्ला स्टेटसवर टाकायला सोपा आहे. कर्जाचा हप्ता, पेरणी, मुलांची फी यांचा विचार उद्याकडे बघूनच करावा लागतो. भटकणाऱ्या मनाला नव्या कल्पनाही सुचतात. शिवाय कर्जतहून रोज चार तास लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्या माणसाला 'तू वर्तमानात नाहीस' म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. त्याची वेळ त्याने हरवलेली नाही, ती त्याच्याकडून काढून घेतली गेली आहे.

ध्यानाबद्दलही अवाजवी दावे होतात. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ताण कमी करण्यासाठी अभ्यासक्रम सुरू केला आणि 'माइंडफुलनेस' हा शब्द दवाखान्यात पोहोचला. आपल्याकडे इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस फोनही नसतो आणि बोलणंही. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा माफक फायदा दिसला. माफक म्हणजे माफकच. सतत उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, तर ध्यानाच्या ॲपआधी डॉक्टर गाठा.

'घटकाभर' म्हणजे नेमकी किती वेळ?

गावी निघायची वेळ झाली, की आजीचं एक वाक्य ठरलेलं : "बस रे घटकाभर." मला ते 'थोडा वेळ' असंच वाटायचं. पण घटका हे मोजमाप आहे. दिवस-रात्र मिळून ६० घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. एका घटकेची ६० पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. दोन घटकांचा एक मुहूर्त, ४८ मिनिटांचा. पूर्वी लग्नघरी पाण्याने भरलेल्या घंगाळात घटिकापात्र ठेवत. तळाला बारीक भोक असलेली ही वाटी. पाणी आत शिरत शिरत वाटी भरून बुडाली, की घटका झाली. 'घटका भरली' हा वाक्प्रचार तिथलाच.

घड्याळाची वेळही काही आकाशातून पडलेली नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत धरून होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. वेळ मोजायची कशी, हे माणसंच ठरवत आली आहेत.

करता येण्यासारखं काय?

• शेवटचं पान परत आणा : फोन उघडण्याआधी कुठे थांबायचं ते ठरवा. 'दहा मिनिटं'पेक्षा 'चहा संपेपर्यंत' ही खूण सोपी पडते.

• दिवसाची एक ओळ लिहा : आज वेगळं काय घडलं, एवढंच. मी जुलैपासून लिहितोय. 'काही नाही' असं सलग तीन दिवस लिहिलं, की चौथ्या दिवशी आपोआप वेगळ्या रस्त्याने घरी जातो.

• एक फोटो, मग खिसा : नीट पाहून एकच काढा.

• नवं काही तरी : खर्चिक सहलच हवी असं नाही. नवी भाजी, नवं स्टेशन, नव्या माणसाशी गप्पाही चालतील.

• दिवसातली एक घटका : २४ मिनिटं, एका माणसासाठी किंवा एका कामासाठी. फोन दुसऱ्या खोलीत.

यातल्या शेवटच्या उपायावर कुठला अभ्यास झालेला नाही. तो आजीचा आहे.

आजी ऑगस्टमध्ये घरी आली. आता काठी घेऊन चालते, ऐकायला थोडं कमी येतं. मी महिन्यातून एका रविवारी जातो. मागच्या वेळी ती मोड आलेले कडवे वाल सोलत होती. बिरड्यासाठी. मी फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावला आणि समोर बसलो. वाल कोमट पाण्यात भिजवून चिमटीत धरला, की साल सुटते. माझे निम्मे तुटत होते. आजी हसली आणि तिच्या सासूने तिला पहिल्यांदा वाल सोलायला बसवलं तेव्हाची गोष्ट सांगायला लागली. ही गोष्ट मी याआधी कधीच ऐकली नव्हती. किंवा ऐकली असेल आणि तेव्हा मी फोनमध्ये असेन.

गोष्ट अर्ध्यावर असताना मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिने ते पाहिलं.

"बस रे घटकाभर," ती म्हणाली.

साडेचारची एसटी गेली. पुढची सहाला होती.